मुके स्पोक

“मुके आहेत लेकाचे,” असं म्हणत कानसेनांनी कार्बनचा स्पोक नखाने पुन्हा छेडला. ठप्प. त्यांनी पंखा बंद केला, रस्त्याचा गोंगाट नको म्हणून शटर अर्धं ओढलं आणि कान जवळ नेऊन परत छेडला. तरी ठप्पच.

कानसेन हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सायकलची चाकं बांधता बांधता गिऱ्हाइकांनी ते चिकटवलेलं. बाकीचे दुकानदार चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला डोळा लावत, फार तर ताण मोजायचं यंत्र लावत. हे स्पोक छेडत आणि कान लावत. एका बाजूचे सगळे स्पोक एका सुरात वाजले की ताण सारखा. एखादा बेसूर निघाला की त्याला किल्लीने थोडा पीळ. आपल्या या कानांचा त्यांना भारी अभिमान होता आणि तो लपवायची तसदी त्यांनी कधी घेतली नव्हती.

कार्बनचे स्पोक त्यांच्या डोळ्यांत पहिल्यापासून सलत. “काका, कार्बनचे घेऊ का? फायदा आहे का?” असं कुणी विचारलं की यांचं उत्तर ठरलेलं. “हलके आहेत, कडक आहेत, सगळं कबूल. पण बोलत नाहीत. स्टीलचा ढिला झाला तर सांगतो तरी.” गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि स्टील घेऊन जायचं. असे कितीजण त्यांनी परतवले असतील कोण जाणे.

आता मात्र चाक घरचंच होतं. लेक नोकरी सांभाळून सायकलच्या शर्यती मारायची. रविवारी चढाची मोठी शर्यत होती आणि तिच्यातूनच संघ निवडला जाणार होता. कार्बनचं सामान तिनेच आणून ठेवलं होतं. “बांधाल तर तुम्हीच, बाबा. दुसऱ्याच्या हातचं चाक मला नको,” असं म्हणाली होती.

चाक बांधून झालं होतं. डोळ्याला सरळ दिसत होतं, पण डोळ्यावर विसंबायची कानसेनांना सवय नव्हती. चढ संपला की उतार येतो, आणि उतारावर पोरीचा जीव याच चाकावर. ते उठले, बसले, स्वच्छ हात पुन्हा पुसले. आतून बायको काहीतरी म्हणाली.

“जरा मोठ्याने बोलत जा गं. हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतेस.”

“ओरडतेय मी,” ती दारात येऊन म्हणाली. “जेवायला चला म्हणून कधीची ओरडतेय.”

“भूक नाही मला.”

संध्याकाळी लेक ऑफिसातून परस्पर दुकानात आली.

“झालं का हो?”

“झालंय आणि नाहीही. अगं भिंगरे, माझं ऐक. स्टीलचे टाकून देतो. वजनाची एवढीच काळजी असेल तर नाश्ता कमी कर.”

“नाश्ता चाकात गरगर फिरत नाही, बाबा.”

“मुक्या चाकावर मी तुला उतारावर सोडणार नाही. बस.”

लेकीने पर्स खाली ठेवली, वाकून एक स्पोक छेडला, मग पुढचा. “वाजतायत की,” ती सहज म्हणाली.

“चेष्टा पुरे.”

“चेष्टा कसली? बारीक आवाज आहे, लगेच विरतो. पण वाजतोय. हा बघा. आणि हा जरा खाली आहे.”

कानसेनांनी खणातून ताण मोजायचं यंत्र काढलं. कंपनीच्या माणसाने ते फुकट दिलं होतं, आणि बहिऱ्यांची कुबडी म्हणून यांनी ते खणात टाकलं होतं. लेकीने दाखवलेला स्पोक खरंच ढिला निघाला. तिने आणखी एक दाखवला, तोही ढिला.

“तुम्हाला खरंच ऐकू येत नाही?” तिने विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

खुंटीवर स्टीलचं एक चाक होतं, सकाळीच बांधून पास केलेलं. ते कानसेनांनी तिच्यापुढे धरलं. “हे बघ बरं.”

तिने चाक फिरवत छेडलं. “दोन बेसूर आहेत, बाबा.”

हे चाक निदान इथे होतं. जी गेली, ती कुठल्या उतारावर असतील? कोण पुढे पोराला बसवून जात असेल? कानसेनांना एका जागी उभं राहवेना. त्यांनी फोन उचलला आणि गिऱ्हाइकांना लावायला सुरुवात केली. “चाकं घेऊन या. परत बघायचीत. नाही नाही, तुमचं काही चुकलं नाही.” पलीकडचं नीट कळत नव्हतं. लेक शेजारी उभी राहून प्रत्येक उत्तर मोठ्याने सांगत होती, आणि ती आपल्याशी असं मोठ्याने कधीपासून बोलते आहे, हा प्रश्न त्यांना आज पहिल्यांदा पडला. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात चाकांची आणि माणसांची गर्दी झाली. त्यात दातांचे डॉक्टर होते, कार्बन घ्यायला आले असताना परतवलेले. स्टँडवरचं चाक बघून ते म्हणाले, “काय कानसेन, घरात कार्बन? मुके असतात म्हणायचात ना? आणि एकाएकी सगळ्यांना बोलावणं का?”

“ते स्पोक आवळायच्या निपलचा माल जरा खराब…” लेकीने घाईघाईने सुरुवात केली.

कानसेनांनी तिला हाताने थांबवलं. “माल चांगला होता. कार्बनही चांगले आहेत. चढावर फरक पडतो. तुटला तर वाटेत कुठे मिळायचा नाही, तेवढं बघून घ्या. आणि वाजतातही. मलाच ऐकू येत नाही.”

डॉक्टर नेहमीची गंमत समजून हसले. बाकी कुणीच हसलं नाही.

कानसेनांनी स्टँडपुढचं आपलं स्टूल लेकीकडे सरकवलं आणि किल्ली घेऊन बाजूला उभे राहिले. ती बसली. तिने पहिला स्पोक छेडला आणि ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले.