मोटरीचा सा

"तीन वर्षं झाली अंबूताई, एक बक्षीस नाही की एक नंबर नाही," सोनाली म्हणाली. शेजारी बसलेल्या तिच्या लेकीनं, सावनीनं, मान खाली घातली.

केशवापुरातल्या त्या पुढच्या खोलीत अंबूताई चाळीस वर्षं गाणं शिकवत होत्या. अशा तक्रारी त्यांना पाठ होत्या. पण ही पोर हातची जाऊ नये असं त्यांना मनापासून वाटत होतं. आवाज बेताचाच, पण कान काय तिखट! पहिल्याच दिवशी त्या प्रत्येकाला सांगत, घरात जे जे घुमतं, पंखा, मिक्सर, गिरणी, त्यात सा शोधायचा आणि त्यावर गायचं. तंबोरा काही सगळ्यांच्या घरी नसतो.

सोनाली सगळं ठरवूनच आली होती. पुढच्या महिन्यापासून गाणं बंद, कॉम्प्युटरचा क्लास सुरू. अंबूताई काही बोलणार तेवढ्यात मागच्या अंगणात पाण्याची मोटर सुरू झाली. आठवड्यानं नळ आला होता आणि नेमकी आजच ती रुसली होती, म्हणून दुरुस्तीला संजीवला बोलावलं होतं.

"खर्जात गेलती की अक्का, आता आली बघा जाग्यावर," तो तिथूनच म्हणाला आणि हातातला पाना तसाच धरून मोटरीच्या सुरावर भूप गाऊ लागला.

अंबूताई खुलल्या. हा माझाच विद्यार्थी, परीक्षेत तीनदा नापास, असं त्या कौतुकानं सांगून बसल्या. सांगितल्यावर जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"म्हणजे पंप दुरुस्त करताना गायचं? माझ्या मुलीनं हेच करायचं?"

"हो, हेच," अंबूताई म्हणाल्या. "चाळिशी उलटली तरी गातोय तो. याहून जास्त मला काही शिकवता येत नाही."

सोनाली उठली. सावनीची वही पिशवीत गेली. पोर नमस्काराला वाकली तेव्हा अंबूताईंना भरून आलं.

त्या फाटकापर्यंत गेल्या. बाहेर ठरवलेला ऑटो उभा होता. दोघी बसल्या, इंजिन सुरू झालं. सावनीनं मान जराशी कलती केली, ऐकलं, आणि त्या घरघरीवर हलकेच सा लावला. मग रे, मग ग. सोनालीनं तिच्याकडे पाहिलं, पण गप्प बस म्हणाली नाही. ऑटो वळला.

अंबूताई आत आल्या. वाईट वाटतच होतं, तरी मन शांत होतं. संजीव हात पुसत उभा होता. एक मुलगी कमी झाली म्हणायची का, असं त्यानं विचारलं.

"फक्त क्लासातून झाली," त्या म्हणाल्या, आणि त्याच्यासाठी चहाचं आधण ठेवायला गेल्या.