लापशीखालचे बुरूज

मी बॅलनॉकीच्या घराचा नकाशा बोलतोय. घर स्कॉटलंडमधल्या हायलंड्सच्या डोंगरातलं असलं, तरी जन्म माझा एडिनबरातला. त्यामुळे अंगात थोडा तोरा आहे, तेवढा चालवून घ्या.

मला काढलं वास्तुविशारद अकिनलेकसाहेबांनी. त्यांना बुरुजांचं भारी वेड. माझ्यावर त्यांनी एक कागदी झडप डकवली होती. ती मिटलेली असली की आहे ते बुटकं दगडी घर दिसायचं. उचलली की त्याच जागी टोकदार बुरुजांचा महाल. घराचे मालक हेक्टर दिवसभर ती झडप वर-खाली करत बसायचे. येईल त्या पाहुण्याला माझ्यापुढे उभं करायचे. पाहुणे 'वा' म्हणायचे आणि शेकोटीकडे सरकायचे.

माझ्याकडे न बघणारं माणूस एकच. हेक्टरची आई, ग्रिझेलबाई. मुख्य बुरूज नेमका त्यांच्या खोलीच्या जागी यायचा होता. त्यांची सोय तळ्याकाठच्या छोट्या घरात केली होती. तिथे ऊन छान येतं, असं हेक्टर सांगायचे. आमच्याकडे, आणि ऊन! बाई नुसतं 'हो का' म्हणायच्या.

मग एका सकाळी गवंड्यांचा मुकादम आला. हेक्टर ऐटीत झडप उचलायला गेले, तर ती हलेचना. कडेने काहीतरी पांढरट सुकलं होतं. त्यांनी नखाने खरवडून वास घेतला. ओटची लापशी होती.

"आई, हे तू केलंस?"

"मीच. चांगली चिकटते रे," ग्रिझेलबाई विणता विणता म्हणाल्या. "लहानपणी भरवायला बसले की तू भिंतीला थापायचास. तेव्हाच कळलं होतं."

मुकादम उगाच खोकला. हेक्टरनाही हसू आवरेना. मग त्यांनी हळूच विचारलं, की आधी का नाही बोललीस?

"तू इतका खूश होतास." सुया थांबल्या. "त्या खोलीत तुझे वडील गेले, हेक्टर. मलाही तिथूनच जायचंय."

मुकादमाला व्हिस्की पाजून परत पाठवलं. अकिनलेकसाहेब बरेच दिवस रुसले. मला तर फारच वाईट वाटलं. आपण बांधलं जावं, असं कुठल्या नकाशाला वाटत नाही?

बाई पुढे पुष्कळ जगल्या, आणि गेल्या त्या आपल्याच खोलीतून. त्यानंतर एकदा हेक्टर किटलीची वाफ देऊन माझी झडप सोडवायला बसले. आता त्यांना अडवणारं कोणी नव्हतं. एक कोपरा सुटला, बुरुजाचं टोक दिसलं. मी श्वास रोखून होतो. ते बराच वेळ बघत राहिले, आणि मग अंगठ्याने तो कोपरा त्यांनी पुन्हा दाबून बसवला.

हल्ली मी त्याच खोलीत भिंतीवर असतो. कधी आलात तर झडपेला हात लावू नका. आत बुरूज फार देखणे आहेत, हे मी सांगतोय तेवढ्यावर भागवा.