उपासात वाढलेले वजन

मित्रांनो, वजनकाट्याने 'मला भीती वाटते' म्हणावे, हे ऐकून तुम्ही हसाल. हसा. मी जुना लोखंडी वजनकाटा आहे आणि रोज सकाळी भितो. हे मला नीट सांगता येईल की नाही, याचीही धास्ती आहेच.

तरुणपणी मी मुलांच्या दवाखान्यात होतो. तिथे वजन वाढले की आया खूश होत. पुढे केरळात, पाला गावाजवळच्या रबराच्या बागेतल्या या वृद्धाश्रमात आलो. इथे उलटे.

इथल्या राहेल अम्मच्चीने, म्हणजे राहेल आजीने, नव्वदी कधीच ओलांडली आहे. तिचे हृदय थकले आहे. डॉक्टरांनी बजावले होते, "हिचं वजन भराभर वाढलं तर ते पाणी समजा. लगेच कळवा." म्हणून नर्स जिन्सी तिला रोज पेजेआधी माझ्यावर उभी करी.

ईस्टरआधीचा मोठा उपास लागला. अम्मच्चीने मांस, मासे, अंडी सोडली आणि माझा काटा वर सरकू लागला. मी घाबरलो. ओरडायला मला तोंड नाही.

"उपासात वजन वाढतं होय? काटाच बिघडला," जिन्सी हसली.

"म्हातारा झालाय मेला. माझ्यासारखाच चळलाय," अम्मच्ची म्हणाली.

मला अडगळीत टाकले. भिंतीपलीकडे अम्मच्चीचा खोकला वाढत गेला. "आडवी झाले की जीव घुसमटतो गं, अजून एक उशी दे." माझ्यावर धूळ चढत होती, तिच्या अंगात पाणी.

एका सकाळी मोजे घालताना जिन्सीचे बोट अम्मच्चीच्या घोट्यात रुतले. खळगा तसाच राहिला. ती धावत अडगळीत आली, स्वतः माझ्यावर चढली. मी तिचे वजन अचूक दाखवले. तिचा चेहरा उतरला.

"अम्मच्ची, उपासात खातेस तरी काय?"

"पेज. आणि बरणीतली खारातली कैरी. चालते ती उपासाला."

"अगं, मिठानं पाणी साठतं अंगात!"

"देवाला मटण सोडते म्हटलं होतं, कैरी नव्हे."

डॉक्टरांनी लघवीच्या गोळ्या वाढवल्या. बरणी गेली, मी परत जागेवर आलो. अम्मच्ची रुसली, मग हळूच म्हणाली, "ईस्टर दिसेल ना गं मला, मोळे, माझ्या पोरी?"

जिन्सीने तिची उशी सारखी केली.

काटा आता थोडा उतरला आहे. पण थकलेले हृदय पुन्हा तरुण होत नाही. मित्रांनो, तुमच्या घरी असे कुणी असेल, तर आकडा नावडला म्हणून काट्याला खोटे पाडू नका. आधी त्यांचे पाय पाहा. आणि ते माझ्यासारख्यावर चढतील तेव्हा त्यांचा हात धरा. मला हात नाहीत.