वांग्यांसाठी फुटलेली काच

मित्रांनो, जरा ऐका. मध्ये कुणी बोलायचं नाही, नाहीतर माझी लिंक तुटते आणि मग मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

मी एक जुनी काचपेटी आहे. जुनी म्हणजे फक्त सहा वर्षांची, पण अंगावर पोपडे आलेत म्हणून म्हातारी दिसते. चार फळ्या, तळाला माती, वर काचेचं झाकण. थंड देशात रोपं गारठू नयेत म्हणून अशा पेट्या करतात. मला धैर्यशीलने स्कॉटलंडमध्ये स्वतःच्या हातांनी बनवलं. तेव्हा तो तिथे पीएचडी करत होता. बाहेर बर्फ असायचा आणि माझ्या पोटात मिरची असायची, खरीखुरी मिरची! त्याचे मित्र बघायला यायचे. मी कसली फुगले होते म्हणून सांगू.

मग त्याला इथे वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत नोकरी लागली आणि त्याने मलाही सामानात आणलं. सेंगकांग उपनगरातल्या एका इमारतीत, बाराव्या मजल्यावर, पश्चिमेच्या बाल्कनीत. मित्रांनो, सिंगापूरमध्ये! जिथे माणसं एसीतून बाहेर आली की चष्म्यावर वाफ धरते!

त्याची आई कुमुदताई वाईहून महिनाभर राहायला आल्या, तेव्हा माझ्यात काय लावायचं यावरून घरात सभा भरली.

"भेंडी लाव," निहारिका म्हणाली. ती धैर्यशीलची बायको.

"भेंडी कमरेच्या वर जाते. झाकणाला डोकं लागेल," धैर्यशील म्हणाला.

"मग दोडका," आई म्हणाल्या.

"आई, दोडक्याला मांडव लागतो. झाकण आहे ना."

"काकडी?"

"वेल. झाकण."

आईंनी चहाचा कप खाली ठेवला. "अरे, भाजी तू निवडतोयस की झाकण? बाहेर काय बर्फ पडतोय?"

"इथे मैना येतात. सगळं टोचून खातात."

"मग जाळी लाव की."

त्याने झाकणाची काच पुसायला घेतली. शेवटी बुटक्या जातीची म्हणून दोन वांगी आणि एक मिरची ठरली. रोपं नर्सरीतून आली. छोटी छोटी, कानाएवढ्या पानांची. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

आनंद तीन दिवस टिकला. धैर्यशीलला निघताना झाकण लावायची सवयच होती. किल्ली, फोन, झाकण, एवढं झालं की ऑफिसला. तो गेला की आई गुपचूप येऊन झाकणाखाली लाटणं अडकवायच्या. म्हणून रोपं जगत होती. मला मात्र आतून कसंतरी व्हायचं. ऊब धरून ठेवणं एवढंच मला येतं. ती सोडायची कशी, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

मग सलग चार दिवस पाऊस झाला. माझं लाकूड पाणी पिऊन फुगलं. पाचव्या दिवशी धैर्यशीलने झाकण दाबून बसवलं, तो गेला, आणि ऊन पडलं. आई लाटणं घेऊन आल्या. झाकण हलेना. उलथणं घालून पाहिलं, तरी हलेना. त्यांनी फोन लावला.

"झाकण अडकलंय रे."

"आई, ओढू नकोस, काच फुटेल. ती आता मिळायची नाही. मी संध्याकाळी बघतो."

"संध्याकाळपर्यंत वांग्यांचं भरीत होईल."

"आई, प्लीज. मीटिंगमध्ये आहे."

दुपारी ऊन सरळ बाल्कनीत आलं. आत माझाच श्वास माझ्याच अंगावर येत होता. काचेला थेंब, थेंबांतून वाफ. मिरचीने मान टाकली. वांग्यांची पानं ओल्या फडक्यासारखी लोंबायला लागली. मला ओरडायचं होतं, पण पेटीला तोंड कुठलं! आई काचेला नाक लावून उभ्या होत्या. हातात लाटणं होतं. त्यांनी ते उगारलं आणि खाली घेतलं. "लेकाची वस्तू आहे, माझ्याने फोडवत नाही," असं पुटपुटल्या. मग निदान सावली तरी होईल म्हणून त्यांनी फ्रिजच्या गार पाण्यात टॉवेल भिजवून माझ्यावर टाकला.

टच्.

तापलेल्या काचेच्या कोपऱ्यात बारीक तडा गेला. मित्रांनो, आता नीट ऐका. तेवढा तडा मी धरून ठेवू शकले असते. माझी चौकट घट्ट होती. स्कॉटलंडच्या एका हिवाळ्यात तसाच एक तडा मी महिनाभर धरला होता, तोवर धैर्यशीलला कळलंसुद्धा नव्हतं; मग त्याने नवी काच बसवली. आणि काच गेली की माझं काय होणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी सोडलं. तडा इकडून तिकडे पळाला आणि काच आत कोसळली. वारा आला. एक तुकडा मिरचीवरच पडला आणि ती मोडली. वांगी राहिली.

धैर्यशील घरी आला, बघतच राहिला.

"आई, गरम काचेवर गार टॉवेल?"

"टाकला. मग?"

"चुकलं त्यांचं," निहारिका म्हणाली, "सकाळीच लाटणं मारायला हवं होतं."

तो हसला नाही. माझ्यापाशी उकिडवा बसला, मोडलेली मिरची उचलली आणि मातीत बोट घातलं. माती अजून चटका देत होती. बराच वेळ त्याने बोट काढलं नाही. मग हळूच म्हणाला, "आई, जाळी कुठे मिळते?"

वांगी आता मोकळ्या टबात आहेत. मी लिफ्टजवळ उभी आहे, उद्या मला भंगारात न्यायला माणूस येईल. आई समजतात टॉवेलने फुटली. बिचाऱ्या दोनदा माझी माफी मागून गेल्या.

कुणाला जपायचं असेल ना मित्रांनो, तर झाकण लावण्याआधी त्याला उकडतंय का, तेवढं विचारा. आणि आता खरं सांगा हं. माझ्या जागी तुम्ही असता, तर ती काच धरून ठेवली असती?