हॉलिसच्या रस्त्याचं मतदान

हॉलिसने हात वर केला, तसा सभापती क्लेटनने सुस्कारा टाकून त्याचं नाव पुकारलं. शाळेच्या व्यायामशाळेत घडीच्या खुर्च्यांवर बसलेलं गाव जरा सैलावलं. कुणी मांडीवरचं विणकाम पुढे ओढलं, कुणी कॉफी आणायला उठलं.

"वाचनालयाला नवा हीटर हवाय म्हणे," हॉलिस उभा राहून म्हणाला. "मी म्हणतो, हिवाळ्यात तिथे येतं कोण? गेल्या आठवड्यात मी स्वतः जाऊन पाहिलं. मी आणि विनी, बस्स. दोघांना ऊब हवी असेल तर दोघांनी स्वेटर घालावेत. त्यासाठी सगळ्या गावाने खिशात हात का घालायचा?"

"पाहायला आला होतास तो संध्याकाळपर्यंत बसलास," पुढच्या रांगेतली विनी पाईक मागे वळूनसुद्धा न पाहता म्हणाली. "तोही कोट काढून."

व्यायामशाळा हसली. हॉलिसही मिशीतल्या मिशीत हसला आणि खाली बसला. हीटर मंजूर झाला. तीस वर्षं हे असंच चालत आलं होतं. मार्चमधल्या गावसभेत वाचनालयाचा खर्च निघाला की हॉलिसने उठायचं, ग्रंथपाल विनीने त्याला टोला हाणायचा आणि गावाने विनीच्या बाजूने मत द्यायचं. न्यू हॅम्पशरच्या त्या डोंगराळ गावात करमणुकीची साधनं तशी कमीच होती.

"पुढचा विषय," क्लेटनने चष्मा सारखा केला. आवाजही जरा उतरला. "पंचांचा प्रस्ताव असा आहे की, येत्या हिवाळ्यापासून पुलापलीकडच्या वरच्या रस्त्यावरचा बर्फ गावाने काढू नये. त्या रस्त्यावर सध्या एकच घर आहे."

कुणाचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. खुर्च्या करकरल्या, माना वळल्या आणि पुन्हा सरळ झाल्या. हॉलिस मांडीवरच्या टोपीकडे बघत राहिला. बिचारा धास्तावला असेल, असं शेजारच्यांना वाटलं. धास्तावला होता तो खरा, पण हा प्रस्ताव मंजूर झाला नाही तर, म्हणून.

ते मात्र जगात कुणाला माहीत नव्हतं. त्याची बायको कोरा जाऊन दोन हिवाळे झाले होते. पहिला त्याने कसाबसा काढला. दुसऱ्यात घर खायला उठायला लागलं. दुपार कलली की खिडक्या काळ्या पडत आणि मग रेडिओवरच्या माणसाशी वाद घालण्याखेरीज काही काम उरत नसे. खाली दुकानात तो एकदा ब्रेडला जाई, एकदा खिळ्यांना, आणि घरी खिळ्यांचा ढीग साचला होता. चर्चमागे म्हाताऱ्यांसाठी विटांची इमारत होती. तिच्या पहिल्या मजल्यावरची, रस्त्याकडे तोंड असलेली खोली गेल्या पानगळीपासून रिकामी होती. तिच्या खिडकीत बसलं तर दुकान दिसलं असतं, पोस्ट दिसलं असतं, शाळेची बस दिसली असती. हॉलिस गाडी हळू करून त्या खिडकीकडे बघत जाई.

पण त्या इमारतीत जाणाऱ्यांना 'मरणाच्या रांगेत नंबर लावायला गेले' असं भर दुकानात म्हणणारा हॉलिसच होता. डोंगरावरून मला उचलूनच न्यावं लागेल, हेही त्याचंच वाक्य. आता कुठल्या तोंडाने खाली यायचं? गावानेच रस्ता बंद केला तर गोष्ट वेगळी होती. मग हॉलिस हरला असं कुणी म्हणणार नव्हतं. गावाने हिशेब केला आणि हॉलिसने तो मानला, एवढंच झालं असतं.

"हॉलिस, तुला काही बोलायचंय?" क्लेटनने विचारलं.

हॉलिस उठला. हे भाषण त्याने आठवडाभर चुलीसमोर घोकलं होतं.

"रस्ता बंद करा," तो म्हणाला. "एका माणसासाठी एवढा डोंगर साफ करायचा हा कुठला न्याय? डिझेल गावाचं, बर्फ वितळवायचं मीठ गावाचं, पहाटे बर्फ काढणाऱ्या रेची झोपमोड गावाच्या पैशाने. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर मी हेच म्हटलं असतं. माझं आहे म्हणून वेगळं बोलणार नाही."

विणकाम करणारीचे हात थांबले. हॉलिस खाली बसला. आपण भलतंच चांगलं बोलून बसलो, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

बर्फ काढायची गाडी चालवणारा रे थिबो मागच्या भिंतीला टेकून उभा होता. सभेत तो कधी तोंड उघडत नसे. आज त्याने टोपी काढली.

"मला बोलता येत नाही फारसं," तो म्हणाला. "पण मी पेपर वाचतो. वरती बडे लोक कर बुडवून स्वतःच्या विमानांतून फिरतात, त्यांना कुणी हटकत नाही. तळ्याकाठचे बंगलेवाले दोन महिने येतात, त्यांच्या फाटकापर्यंत आपण डांबर ओततो. माझ्या बायकोच्या इस्पितळात नर्सा कमी केल्या आणि साहेबाला बक्षीस दिलं. आणि आपण इथे बसून काय करतोय? तर एका म्हाताऱ्याच्या रस्त्यावरचं मीठ मोजतोय! लाज वाटते मला."

टाळ्या पडल्या. पाय आपटले गेले. हॉलिसला घाम फुटला.

"माझा एक मुद्दा आहे." खांद्यावर झोपलेलं बाळ सावरत एक तरुण बाप उठला. गेल्या वर्षीच तो खालच्या आळीत घर घेऊन राहायला आला होता. "रेचं सगळं पटतं मला. पण त्या बड्या लोकांचा कर मला भरावा लागत नाही, इथला लागतो. घराचा हप्ता देऊन माझ्या हातात काही उरत नाही. हॉलिससमोर हे बोलायला मला जड जातंय, इतरांनाही जात असेल. म्हणून म्हणतो, चिठ्ठ्या टाकू या."

मागच्या रांगांतून हुंकार आले. पुष्कळ माणसं जमिनीकडे बघत माना हलवत होती. चिठ्ठीवर कुणी नाव लिहीत नाही. टाळ्या वाजवलेल्या हातांनीच माणसं आपापल्या खिशाला स्मरून काय ते लिहितील आणि प्रस्ताव मंजूर होईल, हे हॉलिसला उमगलं. त्याने गप्प बसायचं होतं, दुसरं काही नाही. आयुष्यात एकदा, जागेवर गप्प बसायचं होतं.

पण 'चिठ्ठ्या' हा शब्द कानावर पडला आणि त्याचे गुडघे आपोआप सरळ झाले.

"चिठ्ठ्या चोरांच्या!" तो गरजला. "ज्याला मत आहे त्याने तोंड दाखवावं. माझ्या बापाच्या वेळेपासून इथे माणसं उभी राहून मोजतात. हो म्हणणारे एका भिंतीला, नाही म्हणणारे दुसऱ्या!"

वाक्य पुरं झालं आणि तो चपापला. सुटलेला शब्द जणू परत घेता येईल, असं त्याने घाईने तोंड मिटलं, पण क्लेटनने हातोडी आपटलीसुद्धा.

"ज्याचा रस्ता त्याचीच उघड मतदानाला हरकत नाही म्हटल्यावर प्रश्नच मिटला," क्लेटन म्हणाला. "रस्ता बंद करा म्हणणाऱ्यांनी बास्केटबॉलच्या जाळीखाली जावं. चालू ठेवा म्हणणाऱ्यांनी दाराकडे."

हॉलिस जाळीखाली जाऊन उभा राहिला. आपल्या शब्दाला जागायला हवं होतं आणि आशाही अजून सुटली नव्हती. त्याने वळून पाहिलं तर सगळं गाव दाराकडे निघालेलं. त्याच्या डोळ्यांदेखत त्याचाच रस्ता बंद करायला चालत यायची छाती कुणालाच झाली नव्हती. बाळाचा बाप मध्येच थबकला, जाळीखालच्या म्हाताऱ्याकडे बघून ओशाळला आणि तोही दाराकडे गेला. पलीकडे कोटांना कोट लागले होते, माणसं एकमेकांना जागा करून देत हसत होती. त्याच्या पायाखाली रंगवलेल्या फरशीचा रिकामा पट्टा होता. आपल्या घरातही इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, असं त्याला वाटलं.

मग काठी टेकत विनी पाईक निघाली. ती दाराकडे गेली नाही. सगळी व्यायामशाळा ओलांडून ती जाळीखाली आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

"शेवटी सूड घेतलास का गं?" पलीकडून कुणीतरी ओरडलं. हशा झाला. विनीने लक्ष दिलं नाही.

प्रस्ताव पडला. माणसं येऊन हॉलिसचा हात दाबून गेली. एका बाईने तर डोळे पुसले.

जेवणाच्या सुट्टीत चर्चच्या बायकांनी बीन्स आणि हॅम मांडलं होतं. विनी टेबलामागे भाजलेल्या गोड पाईचे तुकडे कापत होती. हॉलिस थाळी घेऊन तिच्यासमोर आला.

"माझ्या बाजूला कशाला आलीस?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

"सफरचंदाचा की भोपळ्याचा?"

"विनी."

तिने सुरी खाली ठेवली. "तीस वर्षं तू उठून काही ना काही नाकारतोस. आज पहिल्यांदा काहीतरी मागत होतास. म्हटलं, द्यावं."

हॉलिसने थाळी टेबलावर टेकवली.

"जिच्यासमोर गाडी हळू करतोस ती चर्चमागची खोली अजून रिकामी आहे," विनी म्हणाली. "तिला गावसभेचं मत लागत नाही, हॉलिस. तू 'येतो' म्हण, एवढंच लागतं."

त्याने तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला होता, विनीला तो दिसला असावा, कारण ती पुढे वाकली. तेवढ्यात मागून पाठीवर थाप पडली.

"काय आजोबा!" रे होता, गालात बीन्स कोंबलेला. "आता किती हिवाळे काढणार वर?"

"मला उचलूनच न्यावं लागेल," हॉलिस मोठ्याने म्हणाला.

सगळी रांग हसली. रेने आणखी एक थाप दिली आणि टोपी घालून तो बाहेर पडला, कारण खिडक्यांबाहेर बर्फ पडायला लागला होता. विनीने सुरी उचलली, सफरचंदाच्या पाईचा एक तुकडा हॉलिसच्या थाळीत ठेवला आणि त्याच्यामागच्या माणसाला विचारलं, "तुला कुठला?"

सभा संपेपर्यंत बर्फाचा जाड थर बसला होता. पुलापाशी हॉलिसने गाडी थांबवली. वरचा रस्ता बुजला असेल, तर मागे फिरायचं आणि विनीच्या दारावर थाप मारून 'चढता आलं नाही' म्हणायचं, एवढं त्याने वाटेत ठरवून टाकलं होतं. ते खरंच असणार होतं. ते म्हणायला त्याला मुळीच लाज वाटली नसती.

रस्ता साफ होता. रे आधीच वर जाऊन आला होता, आणि नेहमीसारखा एका फेरीत नव्हे, दोन्ही कडांपर्यंत रुंद, वर वाळू पसरून. हॉलिस हळूहळू चढत गेला. चाक कुठे घसरलं नाही. अंगणही साफ केलेलं होतं, जे गावाचं काम नव्हे आणि ज्याबद्दल त्याने एरवी पंचांना फैलावर घेतलं असतं. पायऱ्या कुणीतरी फावड्याने खरवडल्या होत्या आणि दारापर्यंत मूठमूठ वाळू टाकली होती, म्हाताऱ्याचा पाय घसरू नये म्हणून.

त्याने इंजिन बंद केलं नाही. गाडीच्या उजेडात दार दिसत होतं. तो बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला, आणि मग इंजिन बंद करून आत जायला उतरला.