कमळ्याच्या कानाची दुसरी खाच

मित्रांनो, मी एक म्हातारा पांढरा उंदीर आहे. खालापूरच्या बाजूला एका प्रयोगशाळेतल्या सतरा नंबरच्या पिंजऱ्यात माझा जन्म गेला. हसू नका, पण बीळ कसं असतं ते मला ठाऊक नाही.

आमची निगा राखणारा रोहिदास कडाव गावचा. त्यानंच मला पोशा आणि माझ्या भावाला कमळ्या अशी नावं ठेवली. मी जाम खोडकर. कमळ्या झोपला की त्याच्या नाकावर भुसा उडवायचो, कान कुरतडायचो. तो बिचारा नुसता ‘चूं’ करायचा.

एकाच विषाणूनं काही उंदीर मरतात, काही ठणठणीत राहतात, ते का, हे प्रयोगशाळेतल्या उज्वला मॅडमना शोधायचं होतं. आमच्या बापाकडं एक जनुक होतं, त्यापुढं विषाणूचं काही चालत नसे. पण ते सगळ्या पोरांना मिळत नाही. मला मिळालं, कमळ्याला नाही.

मग कानांवर खुणा केल्या. दोन खाचा असतील त्याला विषाणू द्यायचा, एक असेल त्याला नाही. मला दोन पडल्या, कमळ्याला एक. म्हणजे कमळ्या वाचला होता!

आणि मला गंमत सुचली. झोपलेल्या कमळ्याच्या कानाला मी कचकन चावलो. तुकडाच पडला. जखम भरली तेव्हा तिथं हुबेहूब दुसरी खाच दिसायला लागली.

प्रयोगाच्या दिवशी रोहिदासनं नुसते कान बघितले, कुणाला किती खाचा हे लिहिलेलं पिंजऱ्यावरचं कार्ड बघितलंच नाही. म्हणाला, “मॅडम, दोगांच्या बी कानाला दोन खाचा हायेत.”

विषाणू दोघांनाही दिला गेला. मी मजेत खात होतो. कमळ्या मात्र पाठ वाकवून कोपऱ्यात बसला. मी दाणे ढकलत त्याच्या तोंडाशी नेले. सहाव्या दिवशी मी त्याचा कान हळूच ओढला. ‘चूं’ आलं नाही.

रोहिदासनं आता कार्ड वाचलं. “माजीच चूक हाय, मॅडम. मी कार्ड बगितलंच नाय.”

“मग तसंच लिही, रोहिदास,” मॅडम म्हणाल्या. “लपवू नकोस.”

चूक माझी रं, असं मी ओरडत होतो. त्याला ते ‘चूं’ वाटलं. त्यानं मला दाणा दिला.

मित्रांनो, तुमच्या मस्करीला जो काहीच बोलत नाही, त्याला जरा जपा. कमळ्या, एकदा तरी उलटून चावायचं होतंस रं मला.