लाल वायरचा जोड

भाचेजावई बंद पडलेली मोटरसायकल ढकलत मामांच्या दुकानात आला तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते. त्याला बघितल्याबरोबर मामांच्या तोंडचं पाणी पळालं. तो घामाने निथळत होता, उजव्या हाताची बोटं सोलवटलेली होती आणि चेहऱ्यावर चक्क हसू होतं. हा माणूस हसायला लागला की समजावं, आज कुणाचं तरी हाड मोडणार.

"मामा, रेग्युलेटर जळाला," तो म्हणाला. "दिवे उडाले, बॅटरी उकळली, गाडी वाटेत बंद. अकराच्या आत चालू पाहिजे."

"बघतो की, जावईबापू. बसा."

बसा म्हणे! पण काय करणार, सहा वर्षं त्याला जावईबापूच म्हणत आले होते. त्याची बायको बबी म्हणजे मामांची भाची, तिची आई ती चार वर्षांची असताना गेली. तेव्हापासून मामा-मामींनीच तिला वाढवलं. पुढे दुचाक्यांच्या वायरिंगचं दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या, त्यातच. आणि आज पहाटे तीच बबी शटरवर थाप मारून उभी होती, कडेवर तीन वर्षांची पोर, डावा हात कोपरापासून सुजून टम्म. मामींनी हात बांधून दिला. मामांनी दोघींना नऊच्या बसमध्ये बसवलं. बबीची एक मैत्रीण लांबच्या शहरात नर्स होती, नर्सांच्या वसतिगृहात राहायची. तिथे पुरुषाला फाटकाच्या आत घेत नाहीत. बस दोन वाजता पोचणार. पोचली की पोरगी वाचली. तोवर मात्र ती रस्त्यावर होती.

"तुमच्या बबीने आज कमाल केली," जावई स्टुलावर बसत म्हणाला. "नऊच्या बसने पळाली. स्टँडवरच्या हमालाने बघितलं. ती बस गावोगाव फिरत साडेअकराला मधल्या थांब्यावर पोचते आणि अर्धा तास उभी असते. मी अकराला आडरस्त्याने निघालो तर बारा वाजायच्या आत तिथे."

आणि गाडीच्या बाजूच्या पेटीचं झाकण उघडून त्याने आतलं दाखवलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोयता. दाखवताना त्याला लाज नाही की शरम नाही, नवी घेतलेली वस्तू दाखवावी तसा दाखवला.

मामा मनात हिशेब करू लागले. नाही म्हणावं तर हा पुलापलीकडच्या फिटरकडे जाणार, तो पोरगा बिचारा अर्ध्या तासात करून देणार. दुसऱ्या कुणाची गाडी ह्याला मिळत नव्हती, कारण गल्लीतल्या प्रत्येकाशी ह्याची मारामारी झालेली. म्हणजे हीच गाडी. मग ती बिघडवायची तर आपल्याच हाताने, इथेच.

त्यांनी सीट काढली. बॅटरीचं चार्जिंग आवरणारा जुना रेग्युलेटर काळा ठिक्कर पडला होता, प्लग वितळून वायरींना चिकटला होता. जुन्या गाडीचा तो माल आता मिळत नाही. नव्या मॉडेलचा बसवायचा म्हणजे प्लग कापून एकेक वायर जोडायची. मॅग्नेट कॉइलकडून येणाऱ्या तीन पिवळ्या, त्या कशाही जोडा, फरक पडत नाही. एक काळी, सांगाड्याला अर्थिंग. आणि एक लाल, बॅटरीला करंट नेणारी. सगळा खेळ त्या लाल वायरीचा.

मामांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लाल वायरीचे धागे नुसते शेजारी शेजारी ठेवायचे, पीळ नाही, सोल्डरचा म्हणजे कथलाचा डाग नाही, वरून प्लास्टिकची स्लीव्ह तापवून आवळायची. मीटर लावला तर बरोबर दाखवेल. पण खडबडीत रस्त्यावर दहा मिनिटं हादरे बसले की धागे सुटतील, चार्जिंग बंद, आणि गाडी बॅटरीवर चालत राहील. बॅटरी ते मांडणीवरची अर्धीमुर्धी, कुणीतरी टाकून दिलेली घालणार होते. वीस-पंचवीस किलोमीटर, बास. मग पुढे ना गाव ना माणूस, उन्हात ढकल म्हणावं लेका!

असला कच्चा जोड मामांनी तीस वर्षांत कुणाला दिला नव्हता. आज देणार होते, आणि अगदी आनंदाने देणार होते.

मांडणीवरची बॅटरी बसवली, पिवळ्या तिन्ही जोडून झाल्या. काळीसाठी सांगाड्यावरचा रंग खरवडून लोखंड चकचकीत केलं, बोल्ट आवळला. तेवढ्यात जावई उठला. त्याने बाकड्याखाली हात घातला आणि एक चप्पल बाहेर काढली. एवढीशी, गुलाबी, पट्टा तुटलेली.

"माझ्या पोरीची," तो म्हणाला.

मामांनी हातातला पाना खाली ठेवला.

"म्हणजे इथे आली होती. तुम्हीच बसवून दिली. आणि मला बसा म्हणता? मामा, मी तुम्हाला देवमाणूस समजत होतो!"

त्याने मामांची मान मागून धरली आणि कपाळ बाकड्याच्या कडेवर आदळलं. एकदा. मग आणखी एकदा, मोजून मारल्यासारखं. मामांच्या डोळ्यांत रक्त उतरलं, काही दिसेना. मग त्यांना कळलं की आपला डावा हात कुणीतरी ओढतंय. जावयाने त्यांची करंगळी बाकड्यावरच्या वाइसच्या लोखंडी जबड्यात घातली होती आणि दांडा फिरवत होता.

"हिचं काम पडत नाही ना तुम्हाला?" त्याने आपुलकीने विचारलं. "चार पुरतात."

हाड मोडल्याचा आवाज आला. मामा ओरडले ते त्यांना स्वतःलाच ओळखू येईना. मामी आतून धावत आल्या, हातात पोळपाट. त्यांनी तो जावयाच्या पाठीत हाणलासुद्धा, पण त्याने मागे न बघता हात फिरवला आणि मामी दाराच्या चौकटीवर जाऊन आपटल्या, तिथेच खाली बसल्या. ओठातून रक्त आलं.

"आता काम करा," जावई वाइस सैल करत म्हणाला. "पावणेअकरा झाले. मीटर लावून दाखवायचा. मला अडाणी समजू नका, दहा वर्षं डंपर चालवलाय. काटा तेरा व्होल्टच्या वर गेला नाही तर मामींचा हात घालीन ह्याच्यात."

मामा खाली बसले. करंगळी भलत्याच दिशेला वळली होती, ठणका खांद्यापर्यंत जात होता. त्यांनी लाल वायर उचलली. आणि नको ते आठवायला लागलं. बबी ह्याआधीही आली होती. दोनदा. पहिल्यांदा दात पडला होता, दुसऱ्यांदा पोटात पोर होती. दोन्ही वेळेला मामांनीच तिला परत नेऊन सोडलं होतं. थोडं सोसावं लागतं बाळा, त्याचा स्वभाव तापट आहे पण मनाने वाईट नाही, असं तिलाच समजावत. आणि ह्या राक्षसापुढे हात जोडून, "जावईबापू, लेकराला सांभाळून घ्या." एकदा तरी आवाज चढवावा? एकदा तरी कॉलर धरावी? नाही. दुसऱ्यांदा तर पोरगी काही बोललीसुद्धा नव्हती, नुसती बघत राहिली होती, आणि मामा पाठ फिरवून भराभरा चालत सुटले होते. तेव्हा चांगले धडधाकट होते की हो, दहाही बोटं शाबूत होती! आपण माणूस आहोत की कोण, असं त्यांना आज पहिल्यांदा वाटलं, आणि स्वतःचीच शिसारी आली.

कथलाच्या धुराने ते भानावर आले.

धूर? मामांनी खाली बघितलं. लाल वायरीवर स्लीव्ह चढलेली होती, नीट आवळलेली, दोन्ही कडा बंद. सोल्डरिंगची दांडी त्यांच्या हातात होती. टोकाला ताजं कथील चमकत होतं. त्यांनी वायर दोन बोटांत धरून ओढली. उस्तादाने शिकवलं होतं, जोड दिला की ओढून बघायचा, मगच हात काढायचा. त्यांनी जोर लावून ओढली. हलली नाही. असा जोड दहा वर्षं हलत नाही.

मन भलतीकडे गेलं आणि हातांनी तीस वर्षांची सवय मोडली नाही. धागे सोलून, पिळून, डाग देऊन, स्लीव्ह चढवून मोकळे! मुडद्यांनो, असं ते मनातल्या मनात आपल्याच हातांना म्हणाले. आजच्या दिवस आळस केला असतात तर काय बिघडलं असतं!

"झालं ना?" जावई वाकून बघत होता. "लावा मीटर."

पुन्हा कापायला सबब नव्हती. गाडी एका किकमध्ये सुरू झाली. मामांनी बॅटरीला मीटर लावला, जावयाने मूठ पिळली. काटा चढला आणि चौदाच्या जरा पुढे जाऊन थांबला. ह्याहून चांगलं चार्जिंग कारखान्यातून निघालेल्या गाडीलाही येत नाही.

"वा रे वा!" जावई खूश झाला. "मामा, हाताला देणगी आहे तुमच्या." त्याने मामांच्या पाठीवर थाप मारली, पेटीतला कोयता काढून पोटाशी खोचला आणि गाडीवर टांग टाकली. अकराला पाच मिनिटं कमी होती.

मामांना नंतर पुष्कळांनी विचारलं, तेव्हा काय वाटलं. काही नाही वाटलं. कोपऱ्यात ट्रकच्या जॅकचा दांडा उभा होता, हातभर लांब, भरीव. तो त्यांनी उचलला आणि गाडी दुकानाच्या उंबऱ्यावरून रस्त्यावर उतरत असतानाच मागच्या चाकाच्या तारांत खुपसला.

चाक जागच्या जागी अडकलं. गाडी आडवी झाली, जावई तिच्याखाली, आणि तापलेला सायलेन्सर त्याच्या पोटरीवर. तो गुरासारखा ओरडला. गाडी मात्र आडवी पडूनही चालूच. मामांनी आधी कोयता ओढून लांब गटारात फेकला. मग चाकातून दांडा उपसून काढला. जावई एक पाय सोडवून उठायला बघत होता. त्या पायाच्या गुडघ्यावर मामांनी दांडा घातला. हाडाचा आवाज झाला, करंगळीच्या आवाजापेक्षा मोठा.

"मामा! मामा, नको!"

त्यांनी पुन्हा घातला. मग दुसऱ्या गुडघ्यावर. मग उजव्या हातावर, त्या सोलवटलेल्या बोटांवर. जावई रडत होता, बबीची शपथ घेत होता, पुन्हा कधी हात लावणार नाही म्हणत होता. मामांना ऐकू येत होतं सगळं. दया मात्र येत नव्हती, तिळभरसुद्धा नाही. मारताना बरं वाटत होतं, आणि हे बरं वाटतंय म्हणून भीती वाटत होती. मामींनी येऊन मागून कंबरेला मिठी मारली, तेव्हा कुठे दांडा खाली आला.

"बास हो," मामी म्हणाल्या. "नाही जाऊ शकत तो आता कुठे. बास."

शेजारचा वेल्डर धावत आला होता. त्याने गाडी बंद केली, जावयाला तिच्याखालून ओढून काढलं आणि इकडे तिकडे बघून मामांच्या कानाशी लागला. "मामा, पोलीस येतायत, मघाशी ओरडा ऐकून मीच फोन केला. तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. चाकात दांडा अडकला, गाडी अंगावर पडली, अपघात. मी साक्षीला आहे. अख्खी गल्ली आहे. ह्याच्या बाजूने एक कुत्रं बोलणार नाही."

खरं होतं ते. मामा उंबऱ्यावर टेकले. कपाळाचं रक्त हनुवटीवर सुकत आलं होतं. मामींनी पदर फाडून त्यांच्या करंगळीभोवती गुंडाळला, आणि त्याही हळूच म्हणाल्या, "तसंच सांगा. ह्या वयात तुरुंगात जाल हो."

जीप आली. हवालदार उतरला. त्याने रस्त्यावर कण्हणाऱ्या जावयाकडे बघितलं, आडव्या पडलेल्या गाडीकडे बघितलं, आणि वही काढली. वेल्डरने लगेच सुरुवात केली, "साहेब, काय झालं, चाकात..."

"मी मारलं," मामा म्हणाले.

वेल्डरने कपाळावर हात मारून घेतला. "अहो मामा!"

"अपघात नाही, साहेब. मी चाकात दांडा घातला आणि मग मीच त्याला मारलं. दोन्ही पाय आणि हात. शुद्धीवर राहून मारलं. तसंच लिहा."

"आजोबा, विचार करून बोला," हवालदार म्हणाला. तो माणूस बरा होता. "हे एकदा लिहिलं की खोडता येत नाही."

"म्हणूनच लिहा," मामा म्हणाले. "माझी भाची दोनदा माझ्या दारात आली, दोनदा मी तिला ह्याच्या घरी नेऊन घातलं. अपघाताने पडला म्हणाल तर तिला वाटेल, आपल्या बाजूने ह्या जगात कुणीच कधी उभं राहिलं नाही. तिला कळू दे."

हवालदाराने वहीचं कोरं पान उघडलं. मग त्याने तारीख घातली आणि लिहायला लागला.